सातव्या मिनिटाची टिचकी

"बी बाजू लांब झालीय तुमची."

नारायणगाव-जुन्नर जीपमध्ये चौघांच्या सीटवर आम्ही सहाजण बसलो होतो. पायाशी कुणाचं तरी टोमॅटोचं क्रेट, मांडीवर वॉकमन, कानात हेडफोन. कॅसेटची ए बाजू संपली म्हणून मी नुकतंच बटण दाबलं होतं, त्यामुळेच शेजारच्याचं हे वाक्य ऐकू आलं.

"काय म्हणालात?"

"डाव्या रिळावर अजून फीत उरलीय. अडीच मिनिटांची तरी आसंल." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता, जसं काही समोरून येणाऱ्या टेम्पोलाच सांगतोय. "गाणं संपलं की माणूस लगेच कॅसेट उलटी करणार. मग बी बाजूचं पयलं गाणं मधूनच लागणार. गाणाऱ्या बाईंवर अन्याय हाय तो."

"गाणाऱ्या बाई आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"हेडफोन गळका हाय तुमचा. अख्ख्या जीपला कळलंय."

पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून मान डोलावली. "आवाज लई ग्वाड हाय बाईचा," ते म्हणाले.

मी वॉकमनच्या खिडकीतून फितीकडे पाहिलं. तो म्हणाला ते खरं होतं... आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. एखादा अनोळखी माणूस बरोबर बोलला की इतरांना कौतुक वाटतं. मला संशय येतो. आजच्या काळात नुसत्या रिळाकडे बघून उरलेली मिनिटं सांगणारा माणूस म्हणजे एक तर मेकॅनिक, नाहीतर चोर.

"नाव काय तुमचं?"

"तन्वीर."

"पुढं?"

"आतार. नारायणगावच्या पेठेत आमच्या चाचांचं दुकान व्हतं... बादशाह कॅसेट."

मी वॉकमन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली. तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. हेही मला संशयास्पदच वाटलं.

*

बादशाह कॅसेट हे नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेत नाही. माझे अब्बा, चांद तांबोळी, यांचं जुन्नरमध्ये 'सितारा रेकॉर्डिंग' होतं, माझ्या आईच्या नावाचं. भजनी मंडळं, भारूडवाले, उरुसातले कव्वाल, सगळे अब्बांच्या गोधड्या टांगलेल्या खोलीत गाऊन जायचे. अब्बा कॅसेट काढायचे आणि आठ दिवसांत तीच कॅसेट, वेगळ्या कव्हरात, नारायणगावच्या दिलावर आतारकडे मिळायची.

मग अब्बांनी एक खूण ठेवायला सुरुवात केली. आम्ही तांबोळी, त्यामुळे घरात आजोबांचा पितळी पानाचा डबा होता. प्रत्येक कॅसेटच्या बी बाजूला, घड्याळ लावून बरोबर सातव्या मिनिटाला, अब्बा त्या डब्याच्या झाकणावर नखानं एक टिचकी मारायचे. टण्. इतकी बारीक, की ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू यावी. आणि एक दिवस बादशाहची कॅसेट विकत घेऊन, चार व्यापाऱ्यांसमोर लावून, अब्बांनी ती टिचकी ऐकवली.

दिलावर आतार डोळ्यांची पापणीही न हलवता म्हणाला, "माझ्या मशीनच्या चाकाला खाच हाय. सगळ्याच कॅसेटात वाजती ती."

लोक अब्बांनाच हसले. अब्बा घरी आले आणि वर्षाच्या आत त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. आता त्याच दुकानात ते मोबाईलची कव्हरं विकतात, आणि एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

मागची खोली मात्र मी पुन्हा उघडलीय. हल्ली पुण्याकडची काही हौशी तरुण मंडळी नव्यानं कॅसेटी काढायला लागली आहेत, आणि गाणी फितीला सोसतील अशी बसवून द्यायचं काम माझ्याकडे येतं. फितीचे नखरे फार. 'स' आणि 'श' टोकदार आले की ती फिसफिसते, आवाज जास्त भरला की गुदमरते, कमी भरला की मागची सरसर ऐकू येते. एकेक गाणं तिच्या कलानं घ्यावं लागतं.

जीपमध्ये माझ्या मांडीवर होती ती सखूबाईची कॅसेट. सखूबाई घोडेगावच्या पुढे, बस संपते तिथून वर चढून गेल्यावर लागणाऱ्या वाडीत राहतात. भात लावतानाची गाणी त्यांच्याइतकी कुणाला येत नाहीत. मागे कुणीतरी मोबाईलवर त्यांचं गाणं उतरवून नेलं आणि भलत्याच बाईच्या नावावर खपवलं. तेव्हापासून त्या कुणापुढे तोंड उघडत नव्हत्या. मी पाच खेपा घातल्या, तेव्हा म्हणाल्या, "कॅसेट करत आसशील तर गाते. मोबाईलमधलं गाणं कुठं जातं ते दिसत न्हाई. कॅसेट कशी, हातात ऱ्हाती. पर माझं नाव त्याच्यावरून हालता कामा नये."

"हलणार नाही," असा शब्द मी त्यांना दिला होता.

*

आठवडाभरात कॅसेट भरायच्या माझ्या डेकची मोटर गेली. चार दुकानं फिरले. सगळ्यांनी माझ्याकडे मी बैलगाडीचं चाक मागितल्यासारखं पाहिलं. आणि पाचव्या दिवशी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. मागे गोधडीत बांधलेला डेक.

"कळलं मला, तुमची मोटर गेली ते," तन्वीर म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"चार दुकानांत विचारलंत. त्यातल्या तिघांची दुरुस्ती मीच करतो."

अब्बा काउंटरमागून उठले. आडनाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं डेक रस्त्यावर जातो आता. मी त्यांना आत नेलं. "अब्बा, ऐका. एवढ्या वर्षांनी आतारांच्या घरातला माणूस आपणहून आलाय. येऊ दे. कॅसेटवर मी आपली टिचकी ठेवते. शंभर कॉप्या करायचं मशीन त्याच्याकडेच आहे, म्हणजे मास्टर त्याच्या हातात द्यावाच लागणार. सखूबाईंची गाणी दुसऱ्या कव्हरात कुठं दिसली, की या वेळी चारजणांसमोर नाही, चारशे जणांसमोर ऐकवू."

"आन् त्यानं खरंच चोरलं तर? त्या बाईला काय त्वांड दाखवशील?"

पण सापळा लावायची खुमखुमी होती, आणि दुसरं मशीनही नव्हतं.

मग तो रोज यायला लागला. अब्बा खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसायचे, चांगला कान आत करून. तन्वीर डेकचं फीत वाचणारं डोकं पुसायचा, स्क्रू एक केसभर फिरवायचा, डोळे मिटून ऐकायचा. त्याची बोटं कुठे कुठे जातात त्यावर माझी नजर असायची. आता... बोटांवर एवढी नजर ठेवली की बोटं पाठ होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बांगड्या लई दाबल्यात तुमी," तो एकदा म्हणाला.

सखूबाई एक ओळ गातात आणि त्यांची सून आरती ती झेलते. दोघींच्या हातच्या बांगड्या ताल धरतात. तो किणकिणाट फितीला झेपेना म्हणून मी खाली आणला होता.

"कानाला बोचतात त्या."

"बोचू द्या की जरा. तुमचं बोलणं बी बोचतं... म्हणून कुणी आवाज कमी केला का तुमचा?"

दारात अब्बा खाकरले. मी मान खाली घालून बांगड्या किंचित वर घेतल्या. खोलीत एकदम चिखलाचा, पावसाचा, वाकलेल्या दोन बायांचा वावर झाला. त्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी ठरवलं की हा माणूस फारच धोकादायक आहे.

"तुम्ही हे सगळं का करताय?" मी विचारलं. "खरं सांगा."

"खरं सांगू?" तो डेकचं झाकण लावत म्हणाला. "जीपमध्ये एक पोरगी बघितली. डोळे मिटून ऐकत व्हती. बाकी समदे मोबाईलवर बोटं फिरवत व्हते, आन् ही... फीत संपायची वाट बघत व्हती. मला वाटलं, हिला इचारावं..."

"काय?"

"बी बाजू लांब का झाली ते."

मी हसले. मग घाईघाईनं तोंड मिटलं. पण त्याला दिसायचं ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू सेकंदासेकंदानं सारख्या करून मी मास्टर, म्हणजे कॉप्या काढायची मूळ कॅसेट, तयार केला. तो नसताना, सातव्या मिनिटाला, डब्यावर टिचकी मारली. मग कॅसेटच्या पाठीवरचं ते चिमुकलं प्लॅस्टिकचं टोक मोडलं. ते मोडलं की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही; ही आमच्या कामातली सही. कॅसेट त्याच्या हातात दिली, पण माझ्या बोटांनी ती लगेच सोडली नाही.

"येवढी का घाबरताय?" आपला डेक परत न्यायला गोधडीत बांधत तो म्हणाला. "जिवापाड जपीन."

हाच तर प्रश्न होता, की कशासाठी जपणार.

*

चार दिवसांनी पहिल्या दहा कॉप्या आल्या. तो शर्टाला इस्त्री करून आला होता. मी घरच्या टेपवर एक कॅसेट लावली, बी बाजू, आणि घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटं. सहा. अब्बा खुर्चीत पुढे झुकले. सात.

काही नाही.

मी फीत मागे घेतली, पुन्हा ऐकली. सखूबाईचा श्वास होता, आरतीच्या बांगड्या होत्या... टिचकी नव्हती. दुसरी कॅसेट लावली. तिसरी. कुठेच नाही.

म्हणजे याला सगळं माहीत होतं! खूण कुठे असते, कशाची असते, सगळं. सापळा मी लावला आणि हा त्यातला चारा तेवढा उचलून पसार झाला. रागापेक्षा जास्त मला रडू येत होतं, आणि रडू का येतंय हे कळल्यामुळे आणखी राग.

"मास्टरमध्ये काय केलंत तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. "कळलं का तुमाला? मी म्हटलं व्हतं, सांगायचंच न्हाई... उगी तुमाला वाईट वाटंल." तो खाली बघायला लागला. "सातव्या मिनिटाला एक आवाज येत व्हता. टण् करून. आमच्या डेकनंच घातला तो. चाचांच्या चाकाला खाच हाय, आमच्या दुकानातल्या समद्या कॅसेटात वाजायचा तो आवाज, लहानपणापासून ऐकतोय मी. मला लाज वाटली. तुमी येवढं जीव ओतून काम केलं, आन् आमच्या मशीननं त्यात घाण केली. मग मी मास्टर कॉम्प्युटरवर घेतला, तेवढा आवाज अलगद काढला, नवीन मास्टर केला."

अब्बा उभे राहिले. "त्येच खोटं!" ते ओरडले. "तुझ्या चाचाचं त्येच खोटं, त्याच शब्दांत! पोरी, ह्याला बाहेर काढ."

"खोटं न्हाई, चाचाजी." तन्वीरनं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर सोडली. आत बारकी चाकं होती, पट्टे होते, एक भिंग होतं. "समदी चाकं काढली. भिंग लावून दोन दिवस बघतोय. म्हटलं खाच सापडली की घासून टाकीन, पुढच्या टायमाला तुमाला तरास नको." तो गोंधळून माझ्याकडे बघत होता. "पर खाच सापडंना. तुमी बघता का? तुमची नजर बारीक हाय."

मी त्या चाकांकडे पाहिलं. एकेक चाक पुसलेलं, ओळीनं मांडलेलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःचं खोटं शोधत भिंग घेऊन बसत नाही.

मी फळीवरून पानाचा डबा काढला. त्याच्यासमोर धरला. झाकणावर नखानं टिचकी मारली.

टण्.

त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आधी त्याला नुसताच आनंद झाला, हरवलेलं काही सापडल्यासारखा. मग त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं... आणि हळूहळू त्याच्या लहानपणीच्या सगळ्या कॅसेटी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

"समद्या?" त्यानं विचारलं. "समद्या तुमच्या व्हत्या?"

ज्या कबुलीची अब्बांनी इतकी वर्षं वाट पाहिली, ती मिळाली तेव्हा त्यांना खाली बसावं लागलं.

तन्वीरनं चाकं पुडीत बांधली. त्याच्यासाठी केलेला चहा समोर तसाच होता. "येतो," म्हणाला, आणि गेला.

*

आठ दिवस तो आला नाही. फोन लागेना. आता संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून मी माझ्यावरच घेऊ लागले. तू सापळा लावलास, इफरा. माणसाला नाही, स्वतःलाच. दुकानासमोर मोटारसायकल थांबली की मी केस सारखे करायची आणि मोबाईलचं कव्हर मागणारं गिऱ्हाईक निघायचं.

"डोकं का दुखतंय तुझं रोज?" अब्बांनी विचारलं.

"फितीच्या आवाजानं."

"मशीन तर बंद हाय."

नवव्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, मोटारसायकलला भलंमोठं खोकं बांधलेलं. त्यानं ते अब्बांच्या पायाशी ठेवलं. बादशाहच्या जुन्या कॅसेटी होत्या, दोनशेच्या वर. प्रत्येकीवर नवी पांढरी पट्टी आणि त्याच्या अक्षरात: मूळ रेकॉर्डिंग, सितारा, जुन्नर, चांद तांबोळी.

"चाचा काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी लई आरडाओरडा. मग काल स्वतः माळ्यावर चढून खोकं उतरवून दिलं. म्हणले, चांदला म्हणावं... आन् पुढं बोलताच येईना त्यांना."

अब्बांचे स्वतःचे मास्टर कधीच बुरशीनं गेले होते. त्यांनी खोक्यातली एक कॅसेट काढली, बी बाजू लावली आणि चांगला कान स्पीकरला चिकटवला. सात मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. टण् झालं आणि अब्बांनी डोळे पुसले, उघड उघड, लपवालपवी न करता.

"आणि आमच्या सखूबाई?" मी विचारलं. आवाज कडक ठेवायचा होता, जमला नाही.

त्यानं खिशातून एकच कॅसेट काढली. "नवीन मास्टर. तुमची टिचकी परत जागेवर ठेवली. ह्याच्या कॉप्या अजून केल्या न्हाईत. तुमी ऐकल्याबिगर करणार न्हाई."

मी लावली. सातवं मिनिट आलं. सखूबाईची ओळ संपली आणि... टण्. मग अर्ध्या श्वासानंतर, अगदी हळू, काचेचा एक नाजूक आवाज. किण्.

मी फीत मागे घेतली. टण्... किण्.

"दुसरा कसला?"

त्यानं खिशातून अत्तराची रिकामी कुपी काढली, काचेच्या बुचाची. "आमी आतार. आमच्याकडं पानाचा डबा कुठला?" बूच त्यानं कुपीवर अलगद टेकवलं. किण्. "वाडीवर गेलो व्हतो, सखूबाईला इचारायला. त्यांच्या गाण्यात मी काय बी घुसवणार न्हाई त्यांच्या हुकमाबिगर. समदं सांगितलं त्यांना. त्या म्हणल्या..." तो थांबला. कानापर्यंत लाल झाला होता.

"काय म्हणल्या?"

"म्हणल्या, एकीनं म्हणायचं आन् दुसरीनं झेलायचं, तवा आमचं गाणं व्हतं. ती पोर एकलीच टिचकी वाजवती, तिला झेलायला कोन हाय का न्हाई? वाजीव तू, म्हणल्या. माझं नाव तेवढं हालवू नको."

अब्बांनी आपला बहिरा कान आमच्याकडे केला आणि खोक्यातल्या कॅसेटी फार लक्ष देऊन लावायला घेतल्या.

"मला तुमी लई आवडता," तन्वीर म्हणाला. "पर आतारांच्या पोरावर इस्वास ठिवायला तुमाला टाईम लागंल, ते बी कळतंय. म्हणून पाठीवरचं टोक तसंच ठेवलंय. दुसरी टिचकी नको आसंल तर पुसा. त्यावर परत भरता येतंय."

मी कॅसेट उलटी करून पाहिली. पाठीवरचं चिमुकलं टोक शाबूत होतं. मला आयुष्यभर वाटत आलंय की प्रत्येक गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय सही करू नये. या वेळी मी एकदाही तपासलं नाही.

टेबलावरचा बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला, टोकाला लावला आणि दाबला. कट्.

"मोडलं?" त्याचा विश्वासच बसेना.

"मोडलं," मी म्हणाले. "आता चहा पिऊन जा. मागच्या वेळी तसाच टाकून गेला होतास तू."